चालीला दाखला कशाला?

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जण जमतो. प्रत्येकानं आळीपाळीनं एक ध्वनिमुद्रण आणायचं, सगळ्यांनी ते मुकाट्यानं ऐकायचं आणि मग चहा घेता घेता भांडायचं, एवढाच नियम. गेल्या खेपेला एकानं डायना वॉशिंग्टन या अमेरिकन गायिकेची १९५९ सालची तबकडी आणली होती. 'व्हॉट अ डिफरन्स अ डे मेक्स'. गाणं संपल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती ज्यांनी हे गाणं ऐकलंय त्यांना सांगायला नको. मी एवढंच म्हटलं, की ही चाल मारिया ग्रेव्हेर नावाच्या मेक्सिकन बाईची आहे, १९३४ ची, आणि मूळ शब्दही स्पॅनिश आणि तिचेच आहेत. त्यावर जे सुरू झालं ते दीड तास चाललं. एक ताई उत्साहानं म्हणाल्या, "अहो, ती तर देब्युसीची, त्या थोर फ्रेंच संगीतकाराची शिष्या होती! किती मोठी संगीतकार, आणि बाई म्हणून विसरली गेली." त्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ, आयुष्यभर ख्याल ऐकलेले, शांतपणे म्हणाले, "चाल गोड आहे, कोण नाही म्हणतंय? पण शेवटी सुगमच की. तीन मिनिटांच्या गाण्यावर कुणी संगीतकार ठरतं का? गाणाऱ्या, शिकवण्या करणाऱ्या बाईनं चार चाली बांधल्या, एवढंच."

घरी परतताना माझ्या लक्षात आलं, की दोघं एकमेकांशी कडाकडा भांडत होते खरे, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. नुसतं गाणं पुरेसं नाही. ताईंना गाण्याच्या पाठीशी देब्युसीचं नाव उभं करावंसं वाटलं, ज्येष्ठांना सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या लांबलचक रचनेची अपेक्षा होती. आम्ही सगळ्यांनी नुकतंच जे ऐकलं होतं, ज्यानं दहा-बारा बोलघेवडी माणसं मिनिटभर गप्प झाली होती, तो पुरावा म्हणून कुणाच्याच हिशेबात नव्हता. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. गाणं हा पुरता पुरावा आहे. ग्रेव्हेरचं मोठेपण ठरवायला ना गुरूचा दाखला लागतो, ना सिंफनीचा. आणि तिचं गाणं, शिकवणं आणि रचणं ही तीन वेगळी, एकमेकांची उणीव भरून काढणारी कामं नव्हतीच. ते एकच काम होतं.

आधी ती कोण, ते थोडक्यात. मारिया होआकिना दे ला पोर्तिया तोरेस हे माहेरचं नाव. वडील स्पॅनिश, आई मेक्सिकन. जन्म मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो राज्यातल्या लेओनचा, साल १८८५ असं बहुधा दिलं जातं, काही कोशांत दुसरं सापडतं. बालपणाची वर्षं स्पेनमध्ये, सेव्हिय्यात गेली. तेलकंपनीत काम करणाऱ्या लिओ ग्रेव्हेर या अमेरिकन माणसाशी लग्न झालं आणि १९१६ साली, मेक्सिकोत क्रांतीची धुमश्चक्री चालू असताना, ती न्यूयॉर्कला आली. पुढची ३५ वर्षं तिनं तिथंच काढली. मैफली केल्या, गळा शिकवला, हॉलिवूडच्या कंपन्यांसाठी लिहिलं, आणि गाणी रचली. तिच्या नावावर ८०० च्या आसपास गाणी सांगितली जातात. १५ डिसेंबर १९५१ ला ती गेली, तिचं पार्थिव मेक्सिको सिटीत आणून तिथल्या स्पॅनिश दफनभूमीत ठेवलं. जवळजवळ सारी कारकीर्द परमुलखात, आणि गाणी मात्र शेवटपर्यंत आपल्या भाषेत. ही एवढी माहिती पुरे, बाकीचं तिच्या चाली सांगतात.

आता देब्युसी. ग्रेव्हेरबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक छोट्या चरित्रात हे नाव येतंच, बरोबर ऑपेरेट्टाकार फ्रान्झ लेहारचंही येतं. पोरवयात अमुक रचलं, तमुक थोर माणसानं डोक्यावर हात ठेवला, अशी वाक्यं त्यामागोमाग येतात. ही शिकवणी किती दिवसांची, काय शिकवलं, त्यातलं काय गाण्यात उतरलं, याविषयी मात्र ती चरित्रं काही सांगत नाहीत. मला त्या कथेच्या खरेखोटेपणात रस नाही. मला रस आहे तो आपल्याला ती का लागते, यात. आपल्याकडे तर ही सवय फारच मुरलेली आहे. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर गायकाच्या नावाखाली पहिली ओळ असते ती "अमुक यांचे गंडाबंध शिष्य" ही. घराण्याच्या गाण्यात तिला अर्थ आहे, कारण तिथं बंदिशी, आवाजाचा लगाव, रागाकडे बघण्याची दृष्टी खरोखरच एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पण तोच नियम उचलून गाणं रचणाऱ्याला लावला की काय होतं? कलावंताचं श्रेय नकळत गुरूच्या खात्यावर जमा होतं. बाईच्या बाबतीत हे जरा अधिकच सहज होतं, कारण तिच्यामागे कुणी पुरुष उभा दिसला की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. तिचं कौतुक करायला निघालेल्या ताईंनी तिला सगळ्यात आधी दुसऱ्याची शिष्या करून टाकलं, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

दाखल्यानं चाल मोठी होत नाही याचं उदाहरण मेक्सिकोतच आहे. मान्वेल पोन्से हा तिथला नाणावलेला संगीतकार. त्याची गुरुपरंपरा खणखणीत होती. तरुणपणी बोलोन्या आणि बर्लिन, आणि पुढं १९२५ पासून पॅरिसमध्ये पॉल द्युकास या फ्रेंच संगीतकाराकडे, तेही चाळिशी उलटल्यावर. सेगोव्हिया या स्पॅनिश गिटारवादकासाठी त्यानं गिटारची जी रचनासंपदा उभी केली तिला तोड नाही. पण साऱ्या जगाच्या ओठावर पोन्सेचं जे आहे ते 'एस्त्रेयिता', म्हणजे 'चांदणी', हे इवलंसं गाणं. ते त्यानं १९१२ साली रचलं, पॅरिसला जाण्याच्या १३ वर्षं आधी. त्याच्या हक्कांची नोंद नीट झाली नाही, म्हणून इतकं वाजूनही त्याच्या पदरात काही पडलं नाही. द्युकासनं त्याला पुष्कळ दिलं असेल, 'एस्त्रेयिता' दिलं नाही. आणि पोन्सेला स्वतःला या गाण्याची लाज वाटली का? १९४३ च्या आपल्या व्हायोलिन कंचेर्तोच्या, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेच्या, संथ भागात त्यानं हीच चाल पुन्हा विणली. इतकं सगळं शिकून आल्यावरही त्याला ती चाल मोठ्या रचनेच्या मधोमध ठेवावीशी वाटली.

आता ज्येष्ठांच्या मुद्द्याकडे वळतो. तो ताईंच्या मुद्द्यापेक्षा भक्कम आहे, आणि त्याला हलक्यानं घेणं अप्रामाणिकपणाचं होईल. चाळीस मिनिटांची रचना उभी करायला जे लागतं ते तीन मिनिटांच्या गाण्याला लागत नाही, हे खरंच आहे. एखादं बीज घेऊन त्याला वाढवायचं, मोडायचं, लांबच्या प्रदेशात नेऊन परत आणायचं, ऐकणाऱ्याची स्मृती ताणायची, हा वेगळा पराक्रम आहे. ग्रेव्हेरकडे तो दिसत नाही. मोठ्या आकाराकडे ती वळली तेव्हा फारसं यश आलं नाही. १९४१ साली ब्रॉडवेवर आलेलं तिचं 'व्हिवा ओब्रायन' हे संगीत नाटक वीस प्रयोगांत बंद पडलं. ८०० गाण्यांपैकी आज गायली जाणारी मोजकीच, आणि उरलेल्यांत त्याच वळणाची, त्याच आळवणीची बरीच असणार. काही उघडच बाजारासाठी बेतलेली आहेत. १९३८ साली अमेरिकेत तुफान चाललेलं 'ती-पी-तीन' हे गमतीदार गाणं मला तिच्या चांगल्या कामात धरवत नाही. हे सगळं मी मान्य करतो.

पण मग शूबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराचं काय करायचं? त्यानं ६०० च्या वर गाणी लिहिली, त्यातली मैफलीत नेमानं गायली जाणारी किती आहेत? त्याचं 'एर्लक्योनिग' चार मिनिटांचं आहे म्हणून कुणी त्याला सिंफनीहून खालच्या पाटावर बसवतं का? लांबीनं मोजायचं तर आपला अभंग आणि ओवी कुठं बसणार? छोट्या आकाराची अडचण वेगळीच असते. तिथं चूक लपवायला जागा नाही. पहिल्या ओळीत ऐकणाऱ्याला धरायचं, दुसऱ्या ओळीत त्याची खात्री पटवायची, आणि चौथ्यांदा तीच ओळ आली तरी ती हवीहवीशी वाटली पाहिजे. शब्दाचा आघात आणि सुराचा आघात एकमेकांवर बसले पाहिजेत. श्वास मोडता कामा नये. हे किती जणांना जमतं?

'क्वान्दो बुएल्बा आ तु लादो' हे त्या चालीचं मूळ नाव. अर्थ, 'तुझ्यापाशी परतेन तेव्हा'. आता ही ओळ बोटांवर मोजा. स्पॅनिश बोलताना शेजारचे दोन 'आ' एकमेकांत मिसळतात, म्हणून ओळ होते सात अक्षरांची: क्वान्-दो-बुएल्-बा-तु-ला-दो. जोर तिसऱ्या अक्षरावर आणि सहाव्यावर. स्टॅन्ली अ‍ॅडम्स या गीतकारानं इंग्रजी शब्द बसवले ते असे: व्हॉट-अ-डिफ्-रन्स-अ-डे-मेड (वॉशिंग्टनच्या तबकडीच्या नावात 'मेड'चं 'मेक्स' झालंय). सात अक्षरं, आणि जोर पुन्हा तिसऱ्यावर नि सहाव्यावर. इंग्रजी शीर्षकात 'डिफरन्स' हा शब्द मधलं अक्षर गाळून छापतात तो याच हिशेबानं. ते अक्षर ठेवलं तर चालीत जागाच उरत नाही. पुढची ओळही अशीच. स्पॅनिशमध्ये चुंबनं नाकारू नकोस अशी विनवणी, इंग्रजीत चोवीस तासांचा हिशेब, पण पुन्हा तीच सात अक्षरं आणि तेच दोन आघात. भाषा बदलली, अर्थ तर पार उलटा झाला. मूळ गाणं पुढं बघतं, त्यात अजून न झालेल्या भेटीची आस आहे. इंग्रजी गाणं मागं बघतं, काल काय होतं आणि आज काय झालं याचा विस्मय त्यात आहे. एकाच चालीनं आस आणि विस्मय दोन्ही पेलले, आणि दोन्ही खरे वाटले. अ‍ॅडम्सचं कौशल्य मोठंच, पण त्याला ज्या साच्यात ओतायचं होतं तो साचा ग्रेव्हेरनं केलेला होता.

मग त्या चालीचा प्रवास पाहा. १९३४ सालीच डॉर्सी बंधूंच्या वाद्यवृंदानं ती नाचाच्या ठेक्यावर घेतली. १९५९ मध्ये डायना वॉशिंग्टननं व्हायोलिनांच्या पडद्यापुढं उभं राहून ती गायली आणि ग्रॅमी मिळवलं. १९६४ मध्ये एडी गोर्मेनं लोस पान्चोस या त्रिकुटाच्या गिटारींबरोबर ती बोलेरोच्या, म्हणजे संथ लयीच्या प्रेमगीताच्या, ढंगात पुन्हा स्पॅनिशमध्ये आणली. १९७५ मध्ये एस्थर फिलिप्सनं तिची डिस्को केली. नाच, ब्लूज, बोलेरो, डिस्को. इतक्या कपड्यांत जी ओळखू येते तिचा हाडाचा सांगाडा किती पक्का असेल! सिंफनीची कसोटी तिच्या विस्तारात लागते. गाण्याची कसोटी अशी, नाना गळ्यांतून आणि पिढ्यांतून लागते, आणि या कसोटीला ही चाल उतरलेली आहे.

'हूरामे'चंही तेच. १९२६ चं हे गाणं होसे मोहिकानं लोकांपर्यंत नेलं. हा शिकागोच्या ऑपेरातला गाजलेला तेनोर, म्हणजे उंच पट्टीचा गायक, पुढं सगळं सोडून फ्रान्सिस्कन साधू झाला. शब्द 'शपथ घे' असे आहेत. सुरुवातीला गाणारा सांगतो, की माझं प्रेम कुणाला खरं वाटत नाही, कारण मला कधी कुणी प्रेमात पडलेलं पाहिलंच नाही. हा भाग मायनर या उदास छटेच्या स्वरावलीत, हाबानेरा या लॅटिन अमेरिकन नाचाच्या अडखळत्या चालीवर, जणू कुणी खाली मान घालून कबुली देतंय. आणि 'शपथ घे' म्हणताना गाणं मेजर या उजळ स्वरावलीत उघडतं. मला ही जागा दर वेळी धरून ठेवते. ज्याला कुणी विश्वास देत नाही तो माणूस दुसऱ्याकडं विश्वास मागतो आणि नेमका त्याच क्षणी उजेड पडतो. हे शब्दांनी सांगितलेलं नाही, सुरांनी सांगितलंय. याला रचना म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणखी एक आक्षेप आहे, तो मेक्सिकोच्या संगीताच्या इतिहासाशी निगडित आहे. तो असा, की क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत खरं काम कार्लोस चावेस, सिल्व्हेस्त्रे रेव्हुएल्तास या संगीतकारांनी केलं. देशाचा आवाज शोधला, वाद्यवृंद आणि संस्था उभ्या केल्या. ग्रेव्हेर मात्र सुखवस्तू घरातली, क्रांती ऐन भरात असताना न्यूयॉर्कला गेलेली, तिथल्या दिवाणखान्यांसाठी आणि पडद्यासाठी प्रेमगीतं लिहिणारी. तिच्यात मेक्सिको कुठं आहे? चावेसचं मोठेपण मला नाकारायचं नाही. १९२८ साली त्यानं मेक्सिकोच्या वाद्यवृंदाची धुरा घेतली नसती तर तो देश संगीतात कुठं असता कुणास ठाऊक. पण न्यूयॉर्कचं बोट ग्रेव्हेरकडेच का दाखवायचं? चावेसही १९२६ पासून दोन वर्षं न्यूयॉर्कलाच होता. ज्या रचनेनं तो मेक्सिकोपणाचा मानदंड ठरला ती 'सिन्फोनिया इंदिया' त्यानं न्यूयॉर्कमध्येच लिहिली आणि १९३६ च्या जानेवारीत तिथूनच ती पहिल्यांदा रेडिओवर वाजली. कागदावर मूळ रहिवाशांच्या चाली होत्या म्हणून ती मेक्सिकन, आणि 'हूरामे'त एका माणसाचं दुःख आहे म्हणून ते बेवतन, हे कोणत्या न्यायानं? भाषा कुठं आहे, हाबानेराचा ठेका कुठून आला, आणि ती गाणी कुणाच्या लग्नात, कुणाच्या खिडकीखाली गायली गेली, हे विचारायचंच नाही का?

या आक्षेपामागं एक जुनीच समजूत आहे. लोकांना जे सहज आवडतं ते त्यांच्या भल्याचं नसतं, आणि लोकांना काय आवडावं हे कुणीतरी वरून ठरवलं पाहिजे. मेक्सिकोनं तेही करून पाहिलं. १९३० साली एक्स-ई-डब्ल्यू हे रेडिओकेंद्र सुरू झालं आणि बोलेरो घराघरांत पोचला. त्याच दशकात शिक्षणखात्यानं बोलेरो रचणाऱ्या आगुस्तिन लाराची गाणी अनैतिक ठरवून शाळांतून हद्दपार केली. आपल्याला हे ऐकून परकं वाटायचं कारण नाही. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले. माणूस व्यासंगी, शास्त्रीय संगीतावर जीव असलेला, आणि आकाशवाणीवर ख्याल-धृपदाला जी मानाची जागा मिळाली तिच्यात त्यांचा वाटा मोठा आहे. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्यांनी चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी केली. काय झालं? लोकांनी रेडिओची कळ फिरवली आणि सिलोन लावलं. १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती सुरू करावी लागली. मेक्सिकोत लारा टिकला, इथं चित्रपटगीत टिकलं. बंदी घालणारे दोन्हीकडचे लोक संगीतावर प्रेम करणारेच होते, म्हणून तर हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. 'सुगम' म्हणजे ऐकणाऱ्याला सोपं. आपण हळूहळू त्याचा अर्थ रचणाऱ्याला सोपं असा करून घेतला.

राहिली 'गाणारी, शिकवण्या करणारी बाई'. ही उपाधी म्हणून नव्हे, तर उणेपण म्हणून उच्चारली गेली, आणि मला त्या संध्याकाळी सर्वांत जास्त खुपलं ते हेच. शिकवणं म्हणजे मैफलीत न चाललेल्याचा शेवटचा आसरा, ही समजूत आली कुठून? मेक्सिकोच्याच संदर्भात एक जुनी गोष्ट सांगतो. १८२७ साली मान्वेल गार्सिया हा स्पॅनिश गायक न्यूयॉर्कहून मेक्सिकोला गेला. १८१६ साली रोममध्ये रोसिनीच्या 'सेव्हिय्याचा न्हावी' या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात नायक गायलेला हा माणूस. मेक्सिकोत त्यानं ऑपेरे केले, आणि परतताना वाटेत लुटारूंनी त्याला नागवलं. हा गार्सिया गायक होता, संगीतकार होता आणि गुरू होता, तिन्ही एकाच वेळी. त्याच्या मुलानं गळ्याच्या शिक्षणाचं शास्त्र लिहिलं आणि स्वरयंत्र डोळ्यांनी पाहायचा आरसा काढला. धाकटी मुलगी पोलीन व्हियार्दो गायिका, संगीतकार आणि पॅरिसच्या संगीतशाळेत शिक्षिका. त्या घरात कुणाला विचारलं असतं, की तुमचा खरा व्यवसाय यातला कोणता, तर प्रश्नच कळला नसता. गळा कसा चालतो हे माहीत असणं ही एकच विद्या, ती कधी रंगमंचावर उतरते, कधी कागदावर, कधी शिष्याच्या कंठात.

ग्रेव्हेरच्या चालींत ही विद्या दिसते. ज्या बाईनं दिवसभर नवशिक्या गळ्यांचे तुटणारे श्वास ऐकलेत, ती ओळ कुठं संपवायची हे चुकत नाही. तिची गाणी तेनोर गातो आणि घरात भांडी घासणारी बाईही गाते, याचं कारण हेच असावं. याचं अगदी जवळचं उदाहरण मुंबईतच आहे. १९३५ मध्ये बॉम्बे टॉकीजमध्ये खुर्शीद होमजी ही पारशी बाई संगीत देऊ लागली. भातखंड्यांकडे शिकलेली. समाजातून विरोध झाला म्हणून नाव बदलून सरस्वतीदेवी झाली. पार्श्वगायन रुळायचं होतं. अशोककुमार आणि देविकाराणी यांच्याकडूनच गाऊन घ्यायचं होतं, आणि दोघंही काही तयारीचे गायक नव्हते. तिनं त्यांना शिकवलं, आणि त्यांच्या गळ्याला झेपेल इतक्याच जागेत चाली बांधल्या. १९३६ च्या 'अछूत कन्या'तली गाणी ऐका. तो सोपेपणा अशक्त गळ्यांसाठी केलेली तडजोड होती का? असेल. पण ती तडजोड इतकी नेमकी होती, की त्यानंतर ज्यांना गाता येत नाही असे लाखो लोक ते गाणं गाऊ शकले. भातखंड्यांची शिष्या म्हणून हे जमलं नाही, तिथं शिकलेलं किती बाजूला ठेवायचं हे कळलं म्हणून जमलं.

एक गोष्ट मात्र मी ताईंकडून घेतो. बाई म्हणून विसरली गेली, हे त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. गाणारी बाई लोकांच्या लक्षात राहते, रचणारी पुसली जाते. आन्हेला पेराल्ता ही मेक्सिकोची 'बुलबुल', १८६२ मध्ये मिलानच्या ला स्कालात गायली, १८८३ मध्ये माझातलानला पीतज्वरानं गेली. तिच्या नावानं तिकडे नाट्यगृहं आहेत. पण तिनं स्वतःच्या रचनांचा संग्रह छापला होता, हे किती जण सांगतात? लता मंगेशकरांनी 'साधी माणसं'ची गाणी बांधली ती 'आनंदघन' या नावानं. लोकांनी 'ऐरणीच्या देवा' डोक्यावर घेतलं, पुरस्कार मिळाले, आणि आजही ते गाणं गुणगुणणाऱ्याला चाल कुणाची हे विचारा. पुष्कळदा पुरुषाचं नाव ऐकू येईल. लतादीदींना तर कशाचीच कमतरता नव्हती. तरी रचनाकार म्हणून पडद्याआडच राहायला त्यांना बरं वाटलं असेल, तर ग्रेव्हेरसारख्या परक्या शहरातल्या, परक्या भाषेत वाट काढणाऱ्या बाईची काय कथा?

पण या अन्यायावर उतारा म्हणून तिला देब्युसीची शिष्या करू नका, आणि डायना वॉशिंग्टनला खाली ओढू नका. गायिकेनं त्या गाण्यात जे ओतलं ते ग्रेव्हेरच्या कागदावर नव्हतं; ती जागा घेताना जो खरखरीत हळवेपणा येतो तो तिचा स्वतःचा आहे, आणि तोपर्यंत ग्रेव्हेरला जाऊन आठ वर्षं झाली होती. दोघींचं श्रेय वेगळं मोजता येतं. एकीचं मोजायला दुसरीची पट्टी लागत नाही.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी ध्वनिमुद्रण आणायची पाळी माझी आहे. मी दोन आणणार आहे. आधी मोहिकाचं 'हूरामे', मग लोस पान्चोसबरोबर गोर्मेचं 'क्वान्दो बुएल्बा आ तु लादो'. दोन्हींच्या आधी मी कुणाचंही नाव सांगणार नाही, ना गुरूचं, ना देशाचं, ना साल. ज्येष्ठांना एवढीच विनंती करणार आहे, की त्यांनी बोटांवर सात अक्षरं मोजावीत, आणि तिसऱ्या नि सहाव्या बोटावर काय होतं ते आम्हाला सांगावं. त्यांच्याइतका लयीचा कान आमच्यात दुसऱ्या कुणाला नाही.